आईच्या उजव्या हाताची सूज: हे पाणी येतं कुठून आणि जायला हवं कुठे?

आराखडेवाली (धागा सुरू)

नमस्कार. मी इमारतींच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लायनींचे आराखडे काढते. वैद्यकातलं मला काही कळत नाही, पण पाणी कुठून शिरतं आणि कुठे जाऊन पडतं हे नजरेसमोर आल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून जरा लांबलचक लिहिते आहे, सांभाळून घ्या.

आई ६१ वर्षांची. १४ महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या १८ गाठी (लिम्फ नोड) काढल्या, त्यातल्या ३ गाठींत कॅन्सर निघाला. मग केमो, मग रेडिएशन. सगळं तिने निमूटपणे सोसलं. आता कुठे घर सावरत होतं, तेवढ्यात दोन महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या बोटातली अंगठी निघेना. संध्याकाळ झाली की हात जड होतो. अंगठ्याने दाबलं की खळगा पडतो आणि तो बराच वेळ तसाच राहतो. मी टेपने मोजलं: मनगटाच्या वर १५ सेंटिमीटरवर डावा हात २३.५, उजवा २६.८.

डॉक्टरांनी तपासलं, शिरेत रक्ताची गुठळी नाही ना हे सोनोग्राफीत पाहिलं, कॅन्सर परतलेला नाही याचीही खात्री केली. हा लिम्फेडीमा आहे, म्हणजे लसीका (लिम्फ) नावाच्या द्रवाचा निचरा अडून आलेली सूज, फिजिओथेरपी घ्या, म्हणाले. तिथली वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर नुसतं बसवेना, म्हणून मी रोज रात्री तिचा हात बोटांपासून खांद्यापर्यंत जोर लावून रगडत होते. पाणी वर ढकलायचं, एवढंच डोक्यात. चौथ्या दिवशी हात लालसर झाला आणि जास्तच ठणकायला लागला. मी थांबले. दुसऱ्या दिवशी लाली गेली, ताप नव्हता, पण तिला माझ्या हातून त्रास झाला हे मनातून जात नाही.

आता मला पडलेले प्रश्न. रक्ताभिसरण हा बंद फेरा आहे असं शाळेत शिकले. मग हे जादाचं पाणी आलं कुठून? रक्ताहून वेगळ्या या लसीकेच्या जाळ्याला पंप कुठे आहे? काखेतली गाठ ही गाळणी आहे की चेंबर? १८ गाठी एका दिवसात गेल्या, मग सूज यायला वर्ष का लागलं? एका नातेवाइकांनी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुचवल्या, डॉक्टरांनी त्या चक्क नको म्हटल्या, ते का? आणि शेवटचा प्रश्न. अंगातली सगळी लसीका डावीकडे मानेच्या तळाशी रक्तात मिसळते असं मी वाचलं. मग उजव्या हाताची लसीका छाती ओलांडून डावीकडे जाते का?

हलका_हात

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली अकरा वर्षं मुख्यतः लिम्फेडीमाच्याच पेशंटबरोबर काम करते. तुम्ही जे केलंत ते माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात झालेलं असतं. थांबलात हे बरं केलंत.

पाणी कुठून येतं ते आधी. रक्ताचा फेरा बंद असला तरी त्याच्या सगळ्यात बारीक नळ्या, म्हणजे केशवाहिन्या, पाझरतात आणि त्या पाझरायलाच हव्यात. पेशींना अन्न आणि ऑक्सिजन पोचतो तो याच पाझरलेल्या द्रवातून. हा द्रव पेशींच्या मधल्या फटींत साचू नये, तो परत रक्तात यावा, यासाठी दुसरं जाळं आहे. द्रव त्या जाळ्यात शिरला की त्यालाच लसीका म्हणायचं. आणि पाझरताना नुसतं पाणी बाहेर पडत नाही, थोडी थोडी प्रथिनंही निसटतात. प्रथिनांचे रेणू मोठे, त्यांना केशवाहिनीच्या भिंतीतून माघारी येता येत नाही. त्यांना परतीची वाट एकच, लसीकेची.

गोळ्यांचं उत्तर इथेच आहे. लघवी वाढवणारी गोळी पाणी काढते, प्रथिनं मागेच राहतात. प्रथिनं असतील तिथे पाणी पुन्हा ओढलं जातं आणि सूज परत येते. शिवाय साचलेल्या प्रथिनांमुळे तिथे सतत बारीक दाह राहतो. हळूहळू तंतू वाढतात, चरबी साठते आणि हात कडक होतो. मग दाबलं तरी खळगा पडत नाही. तुमच्या आईंच्या हाताला अजून खळगा पडतो आहे, म्हणजे हात मऊ आहे आणि उपचारांना चांगली दाद देईल अशा टप्प्यावर आहे. (हृदयाच्या किंवा किडनीच्या त्रासासाठी कुणाला त्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र माझं वाचून बंद करू नयेत. ती वेगळी गोष्ट आहे.)

आता रगडण्याबद्दल, कारण माझ्या मते हे नीट समजणं तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. या जाळ्याची सुरुवात त्वचेच्या लगेच खाली होते. तिथल्या नळ्या एका टोकाला बंद, हातमोज्याच्या बोटांसारख्या. त्यांची भिंत एकाच पेशीच्या थराची. शेजारशेजारच्या पेशींच्या कडा एकमेकींवर कौलांसारख्या चढलेल्या असतात आणि प्रत्येक कड बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतींना बांधलेली असते. भोवती द्रव वाढला, ऊती फुगल्या, की हे तंतू ताणले जातात, कडा उघडतात आणि द्रव आत शिरतो. आत दाब वाढला की त्याच कडा मिटतात. म्हणजे आत येऊ देणारी, बाहेर जाऊ न देणारी दारं.

ही दारं उघडायला त्वचा हलकेच ताणली की पुरते. म्हणून आमचा हात इतका हलका असतो की पेशंट विचारतात, सुरुवात कधी करणार? जोराने रगडलं की या नाजूक नळ्या दाबून बंद होतात आणि त्या जागी रक्तप्रवाह वाढतो. रक्तप्रवाह वाढला की पाझर वाढतो. तुमच्या आईंचा हात लाल होऊन ठणकला तो यामुळे.

दिशेचाही घोळ होतो. तुम्ही बोटांपासून सुरुवात केलीत. आम्ही आधी मान, मग दोन्ही काखा आणि छातीचा पुढचा भाग, मग दंड, मग कोपराखालचा हात आणि शेवटी बोटं, या क्रमाने जातो. प्रत्येक टप्प्यावर हात फिरवण्याची दिशा मात्र वरच, खांद्याकडे. पुढचा रस्ता मोकळा करायचा, मग मागचं सोडायचं. लायनींचं काम करणाऱ्या माणसाला मी हे वेगळं सांगायला नको.

आणि पंप. हृदयासारखा एक पंप नाही, हे तुम्ही बरोबर ताडलंत. सुरुवातीच्या नळ्यांना स्नायू नसतो. पुढच्या जाड वाहिन्यांना असतो आणि त्यांत थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात. दोन झडपांमधला तुकडा मिनिटात काही वेळा आपणहून आकसतो आणि आतली लसीका पुढच्या तुकड्यात ढकलतो. त्यानंतरचा तुकडा आकसतो, मग त्याच्या पुढचा. म्हणजे सबंध हातभर ओळीने लावलेले छोटे छोटे पंप. जोडीला हालचाल करताना आवळणारे स्नायू, शेजारच्या धमनीचे ठोके आणि श्वास. खोल श्वास घेतला की छातीतला दाब उतरतो आणि लसीका वर ओढली जाते. आमच्याकडे सत्राची सुरुवात पोटातून घेतलेल्या पाच-सहा संथ श्वासांनी होते ती यासाठीच.

वर्षभर उशीर का, याचं उत्तरही या छोट्या पंपांत आहे. गाठी गेल्यावर उरलेल्या वाहिन्यांनी जास्तीचा भार उचलला. पुढे अडथळा असताना त्या जोर लावून ढकलत राहिल्या. बऱ्याच बायकांत हे कायम निभावतं, सूज येतच नाही. काहींच्या वाहिन्या मात्र थकतात, फुगून रुंद होतात, मग झडपा एकमेकींना टेकत नाहीत आणि लसीका मागे फिरते. रेडिएशनने काखेत वण झाले असतील तर नव्या वाटा फुटायलाही अडचण होते.

तुमची वेळ येईपर्यंत एवढंच करा: दिवसातून तीन-चार वेळा हात वर आधारावर ठेवून मूठ आवळणं-सोडणं, खोल श्वास, त्वचा कोरडी पडू न देणं. साधं ताणलं जाणारं क्रेप बँडेज घरी गुंडाळू नका. ते हात स्वस्थ असतानाही आवळत राहतं. आम्ही वापरतो ते शॉर्ट स्ट्रेच बँडेज जवळजवळ ताणलं जात नाही. स्नायू फुगला की त्याला बाहेरून भिंत मिळते आणि मधल्या वाहिन्या दाबल्या जातात, स्नायू सैल झाला की दाब उतरतो. ते बांधायला शिकावं लागतं, आम्ही घरच्यांनाही शिकवतो. सूज उतरली की मापाची स्लीव्ह, म्हणजे हाताला दाब देणारी घट्ट बाही.

आणि हे लक्षात ठेवाच: हात अचानक लाल, गरम झाला, लाली पसरायला लागली, ताप किंवा थंडी वाजून आली, तर त्याच दिवशी डॉक्टर. सकाळची वाट पाहू नका.

आराखडेवाली

खूप आभार. मान आधी, बोटं शेवटी, हे वाचलं आणि मी पाच मिनिटं तशीच बसून राहिले. तुंबलेल्या लायनीत खालचं चेंबर न उघडता वरून पाण्याचा जोर सोडायचा नाही, हे मी रोज साइटवर सांगते.

गाठीबद्दल आणि उजव्या-डाव्याबद्दल कुणी सांगेल का?

शवविच्छेदन_कक्ष

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. तुमचा उजव्या हाताचा प्रश्न फार चांगला आहे. वर्गात तो क्वचितच कुणी विचारायचं.

उजव्या हाताची लसीका डावीकडे जात नाही. दोन्ही पाय, पोट, छातीचा आणि डोक्याचा डावा भाग, डावा हात, असा शरीराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग थोरॅसिक डक्टमध्ये रिकामा होतो. ही वाहिनी कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोर सुरू होते, महाधमनीच्या बाजूने छातीतून वर चढते आणि डाव्या कॉलरबोनच्या मागे, मानेची आणि हाताची शीर जिथे मिळतात त्या कोपऱ्यात उघडते. लांबी साधारण ४० सेंटिमीटर, जाडी काही मिलिमीटर. विच्छेदनात ती फिकट, मण्यामण्यांची दोरी दिसते. मणी दिसतात ते झडपांमुळे. नवखा विद्यार्थी तिला भोवतालचा तंतुमय पडदा समजून चिमट्याने ओढून काढतो. मी दर वर्षी त्या टेबलाशी स्वतः उभा राहायचो. उजवा हात, छातीचा उजवा भाग आणि डोक्या-मानेचा उजवा भाग यांची व्यवस्था निराळी: सेंटिमीटरभर लांबीची आखूड वाहिनी, तीही उजव्या बाजूच्या तशाच कोपऱ्यात उघडणारी. कित्येकांत ती एकसंध नसतेच, दोन-तीन फाटे वेगवेगळे उघडतात.

तेव्हा तुमच्या आईंच्या हातापासून ठिकाण जवळच आहे. अडचण मधल्या काखेत आहे.

गाठ गाळणी की चेंबर? दोन्ही, पण मी त्याहून पुढे जाईन. ती चौकी आहे. आकार घेवड्याच्या बीसारखा. फुगीर बाजूने अनेक वाहिन्या आत येतात, खाचेच्या बाजूने एखाद-दोनच बाहेर पडतात. आत वाट रुंद आणि वळणावळणाची, त्यामुळे प्रवाह मंदावतो. मंदावला म्हणूनच भक्षक पेशींना कचरा आणि जंतू उचलायला सवड मिळते. बाहेरच्या थरात बी पेशींचे पुंजके, त्याच्या आतल्या थरात टी पेशी, दोन्ही रोगप्रतिकार करणाऱ्या. बोटाला काटा टोचला की त्वचेतल्या पहारेकरी पेशी जंतूचे तुकडे घेऊन लसीकेबरोबर याच गाठीत येतात आणि टी पेशींना दाखवतात. ज्या पेशीला तो तुकडा ओळखता येतो तिची संख्या भराभर वाढते, म्हणून गाठ सुजते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं असं आपण म्हणतो ते हेच. संबंध अचूक ओळखणारा हा शब्द आहे, आणि सूज जखमेपासून दूर का याचं उत्तर तो वापरणाऱ्यांना वहिवाटेने माहीत होतं.

म्हणून काखेतल्या गाठी काढलेल्या हाताचं नुकसान दुहेरी असतं. निचराही कमी आणि चौकीही कमी. वर ताईंनी लालीची ताकीद दिली ती मनावर घ्या. प्रथिनांनी भरलेला साठलेला द्रव आणि कमी पहारा, यात जंतुसंसर्ग वेगाने पसरतो, आणि प्रत्येक संसर्गात उरलेल्या वाहिन्या आणखी खराब होतात.

गाठी काढाव्या का लागतात तेही याच रचनेत आहे. कॅन्सरच्या सुट्या पेशी ज्या वाटेने वाहतात त्या वाटेवरची पहिली चौकी हीच. आता जिथे शक्य असेल तिथे रंगद्रव्य किंवा किरणोत्सारी द्रव टोचून पहिली गाठ कोणती ते शोधतात आणि आधी तीच तपासतात. ती स्वच्छ असेल तर बाकीच्या राहू देतात. त्यामुळे पुष्कळ हात वाचले आहेत.

थोडा इतिहास, कारण मला या विषयाचं प्रेम आहे. २३ जुलै १६२२ रोजी इटलीत गास्पारे अझेल्ली एका नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडून पाहत होता. आतड्याच्या पडद्यावर पांढरे धागे दिसले. आधी त्याला ते मज्जातंतू वाटले. एक कापला तर दुधासारखा द्रव आला. अन्नातली चरबी आतड्यातून लसीकेच्या वाटेने जाते, ती त्याने पाहिली. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६२७ साली निघालं. हे दूध जातं कुठे ते १६५१ मध्ये झाँ पेके याने दाखवलं: यकृतात नव्हे, छातीतून वर मानेच्या शिरांत. पुढच्या दोन वर्षांत स्वीडनचा रुडबेक आणि डेन्मार्कचा बार्थोलिन यांनी अंगभरचं जाळं दाखवलं. आणि काम तिथे संपलं नाही. मेंदूच्या आवरणांत लसीकावाहिन्या नाहीत असं मी सगळी नोकरी शिकवलं. २०१५ मध्ये दोन गटांनी उंदरांत त्या स्वतंत्रपणे दाखवल्या.

आणखी एक दुरुस्ती माझ्याच शिकवण्याची. केशवाहिन्यांतून दिवसाला २० लिटर बाहेर, १७ लिटर शिरेच्या टोकाला परत आत, उरलेले ३ लसीकेतून, हे गणित मी फळ्यावर मांडत आलो. २०१० मध्ये लेव्हिक आणि मिशेल या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी पुरावे एकत्र मांडून दाखवलं की बहुतेक ऊतींत शिरेच्या टोकाला असं सतत परत शोषण होतच नाही. पाझर आपण समजत होतो त्याहून कमी असतो आणि त्यातला जवळजवळ सगळा लसीकेच्या वाट्याला येतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी वाचत असेल तर त्यांनी ते गणित खोडावं.

नऊ_वर्षं_स्लीव्ह

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. डावा हात, नऊ वर्षं. तुमच्या आईंसाठी दोन गोष्टी लिहिते.

मला सुरुवातीला कुणीतरी सांगितलं होतं की त्या हाताने काही उचलायचं नाही. मी तो हात अक्षरशः उशीवर ठेवून जगले. दंड बारीक झाला आणि सूज वाढली. पुढे माझ्या थेरपिस्टने समजावलं की स्नायू हाच पंप आहे, तो झिजवून कसं चालेल. २००९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरनंतर लिम्फेडीमा झालेल्या बायकांवर वजनं उचलण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांनी सूज वाढली नाही, उलट त्रास वाढून उपचाराची पाळी कमी जणींवर आली. मी स्लीव्ह घालून अर्ध्या किलोपासून सुरुवात केली. आता चार किलो उचलते. शिकवणाऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच करा, एवढं मात्र खरं.

दुसरी गोष्ट नखांची. नखाशेजारची कातडी मी दाताने तोडली, आणि रात्री दोन वाजता थंडी भरून हात कोपरापर्यंत लाल. तीन दिवस दवाखान्यात, शिरेतून अँटिबायोटिक. तेव्हापासून लहानशी चीर असली तरी धुऊन मलम लावते आणि भांडी घासताना, झाडांची कामं करताना हातमोजे घालते.

आणि तिच्या हाताबद्दल तिच्यासमोर हळू आवाजात बोलू नका. मला त्याचा सुजेपेक्षा जास्त त्रास झाला होता.

हलका_हात

नऊ वर्षंवाल्या ताईंनी फार मोलाचं लिहिलं आहे. एक जोडते. सगळे उपचार करूनही हात उतरत नसेल तर मायक्रोस्कोपखाली लसीकावाहिनी बारीक शिरेला जोडण्याची किंवा दुसरीकडची गाठ रक्तवाहिन्यांसकट आणून बसवण्याची शस्त्रक्रिया असते. ती प्रत्येकीला लागू पडत नाही आणि त्यानंतरही बऱ्याच जणींना स्लीव्ह लागते. तुमच्या आईंच्या बाबतीत आत्ता तो विचारही करू नका. आणि 'लसीका शुद्ध करणारे' पट्टे, पावडरी, यंत्रं कुणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नका. लसीकेत विष साचलेलं नसतं. तिची वाट अडलेली असते.

आराखडेवाली (३९ दिवसांनी)

कळवायचं राहिलं होतं. थेरपी सुरू होऊन अठरा दिवस झाले. रोज बँडेज बांधतात, रविवारी मी बांधते. त्याच १५ सेंटिमीटरवर उजवा हात आता २४.९ आहे. पुढच्या आठवड्यात स्लीव्हचं माप घेणार.

इथले सगळे प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. मग मी एका कागदावर तिच्या हाताचा आराखडा काढला: बोटं, कोपर, काख, झडपांच्या जागी छोट्या छोट्या खुणा, काखेत १८ रिकामी वर्तुळं, आणि त्यांच्या भोवतीने जाणाऱ्या तुटक रेषा, जिथून आता वाट काढायची आहे. तिने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, हे शेवटी पडतं कुठे ते नक्की दाखव. मी माझं बोट तिच्या उजव्या कॉलरबोनच्या मागच्या खळग्यात ठेवलं. आता सकाळी श्वास घेताना ती स्वतःच तिथे दोन बोटं ठेवते आणि हलकेच सुरुवात करते.